जीपीओचा पिनकोड ४४०००१ : या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते दहावीच्या पोरांना गणित शिकवताना मी पाठ्यपुस्तकातली उदाहरणं संपली की एकच संख्या फळ्यावर लिहितो : ४४०००१, आमच्या नागपूरच्या जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) पिनकोड. नागपुरात ती सगळ्यांना पाठ असते, अर्ज भरताना हात आपोआप लिहितो. मग पोट्टे घरी जाऊन तिचे तुकडे पाडतात आणि प्रश्न येत राहतात. पालकही विचारतात, एकदोन निवृत्त मास्तरही. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचलं तर बरं, पण प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. ४४०००१ मधल्या अंकांचा अर्थ काय? ते असेच का?

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला अंक मोठा विभाग दाखवतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले दोन अंक मिळून उपविभाग. ४४ आलं की विदर्भ. पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी होते तो जिल्हा, म्हणजे ४४० नागपूर. शेवटचे तीन अंक टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे. ००१ हा आपल्या सिव्हिल लाइन्सच्या जीपीओचा.

म्हणजे हा आकडा कुणी गणित करून काढलेला नाही, क्रमाने वाटलेला आहे. त्यामुळे खाली जे जे सापडेल ते टपाल खात्याने ठेवलेलं नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

२. पिनकोड हे तर नुसतं लेबल. त्याचे गुणधर्म काढण्यात काय अर्थ?

पिनकोड म्हणून काहीच अर्थ नाही. दोन पिनकोडांची बेरीज करून तिसरा पत्ता मिळत नाही. पण लेबल म्हणून लिहिलं तरी ४४०००१ ही एक पूर्ण संख्याच आहे, आणि चार लाख चाळीस हजार एक गोट्यांचे जेवढे सारखे ढीग पडतात तेवढेच पडणार.

मी पोरांना एक सवय लावतो. कुठलाही गुण सापडला की विचारायचं : हा गुण संख्येचा आहे, की आपण ती दशमान पद्धतीत लिहितो त्या लिखाणाचा, की निव्वळ योगायोगाचा? विभाजक संख्येचे असतात. अंकांची बेरीज लिखाणाची असते. योगायोगाचा नमुना प्रश्न १७ मध्ये आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडतो, हे कबूल.

३. सहा अंकी संख्येला ‘मोठी’ म्हणायचं का?

कुणाच्या तुलनेत, त्यावर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ अशी आहे. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद करायला सर्रास वापरतात ती २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. त्यांच्यापुढे ४४०००१ म्हणजे चिल्लर.

पण वही आणि पेन घेऊन बसणाऱ्या माणसाला सहा अंक हे बरोबर माप आहे. पाढ्यांनी सुटत नाही इतकी मोठी, आणि संध्याकाळभरात हातानं उलगडते इतकी लहान.

४. ४४०००१ मूळ संख्या आहे का? दिसायला तर वाटते.

नाही. शेवटी १ असला की मूळ वाटतेच, पण अंकांची बेरीज ४+४+०+०+०+१ = ९. म्हणजे ९ ने नि:शेष भाग जातो :

४४०००१ = ३ × ३ × ४८८८९

हे एवढंच. ४८८८९ पुढे फुटत नाही, कारण ती स्वतः मूळ आहे. ते कशावरून, हे पुढच्या प्रश्नात.

५. ४८८८९ मूळ आहे हे कॅल्क्युलेटरशिवाय कसं सिद्ध करायचं?

वर्गमुळापर्यंत तपासायचं. २२१ चा वर्ग ४८८४१ आणि २२२ चा ४९२८४, म्हणजे वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे. ४८८८९ चे दोन अवयव पडत असतील तर त्यातला धाकटा २२१ पेक्षा मोठा असू शकत नाही, कारण दोघेही मोठे झाले तर गुणाकार हाताबाहेर जाईल. म्हणून २ पासून २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. सगळीकडे बाकी उरते.

काही ठिकाणी अगदी थोडक्यात हुकतं. ७ ने भागलं तर बाकी १. ९७ ने भागलं तरी बाकी १. १९, ३१ आणि ८३ ला बाकी २. पोट्टे इथेच चुकतात : ‘जवळजवळ गेला’ म्हणून भाग गेला असं लिहून मोकळे होतात.

४७ भागाकार म्हटल्यावर घरून तक्रार येते. पण २, ३, ५ आणि ११ कसोटीनेच बाद होतात, आणि उरलेले भागाकार चारपाच जणांत वाटून घेतले की एका तासात काम होतं.

६. ४८८८९ मध्ये मधे ८८८ कसे आले? पुढे शून्यं वाढवली तर असंच चालतं का?

भागाकार हाताने मांडून पाहा. ४४ ला ९ ने भागलं : भाग ४, बाकी ८. पुढचं शून्य उतरवलं : ८०, भाग ८, बाकी पुन्हा ८. पुन्हा शून्य, पुन्हा ८०, पुन्हा भाग ८ बाकी ८. शून्य संपेपर्यंत हेच. शेवटी १ उतरतो, ८१ होतात, भाग ९, बाकी काही नाही. म्हणजे मधे जितकी शून्यं तितके ८ :

४४१ = ९ × ४९
४४०१ = ९ × ४८९
४४००१ = ९ × ४८८९
४४०००१ = ९ × ४८८८९
४४००००१ = ९ × ४८८८८९

आकार अखंड चालतो. पण इथे एक सापळा आहे. ४८८९ मूळ आहे, ४८८८९ मूळ आहे, म्हणून पुढची ४८८८८९ पण मूळ असणार असं दरवर्षी कुणीतरी वहीत लिहून आणतं. ती नाही. तिच्या अंकांची बेरीज ४५, म्हणून ती ९ ने कटते; खरं तर २७ × १८१०७. मागे पाहिलं तर ४९ = ७ × ७ आणि ४८९ = ३ × १६३ याही मूळ नव्हत्याच. अंकांची नक्षी आणि मूळपणा यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं.

७. ७, ११ आणि १३ ची कसोटी एकदम लावता येते म्हणतात. ती कशी?

सहा अंकी संख्येसाठी ही सगळ्यांत हाताशी असलेली युक्ती आहे, आणि शाळेत ती का शिकवत नाहीत कोण जाणे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करायचे आणि मागच्यातून पुढचा वजा करायचा.

४४०|००१ : १ − ४४० = −४३९. त्यात १००१ मिळवले की ५६२. आता या ५६२ ला ७ ने भागा, बाकी २. ११ ने, बाकी १. १३ ने, बाकी ३. मूळच्या ४४०००१ ला भागलं तरी याच बाक्या येतात. एकही शून्य नाही, म्हणजे तिन्ही बाद.

उलट ४४०४४० सारखी संख्या, जिचे दोन्ही गट सारखे, ती डोळे मिटून तिघांनीही कटते : ४४० × १००१.

८. हिचे विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

सहा : १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१. स्वतःला वगळून बेरीज केली तर १९५५६९ येते, म्हणजे निम्म्याच्याही आत. परिपूर्ण व्हायला ही बेरीज बरोबर ४४०००१ यायला हवी होती (६ = १ + २ + ३ तशी). तेव्हा ही न्यून संख्या.

धरमपेठेतली मुलं लगेच आपला ४४००१० काढतात. तिथे चित्र उलटं आहे : ४४००१० = २ × ३ × ३ × ५ × ४८८९, विभाजक २४, आणि स्वतःला सोडून त्यांची बेरीज ७०४२५०. ही विपुल संख्या. दोन्ही पिनकोडांत अंक तेच, चार-चार-एक आणि तीन शून्यं. नुसता १ एक घर डावीकडे सरकला आणि विभाजक चौपट झाले.

जाता जाता : ४४०००१ शी सहमूळ असलेल्या (म्हणजे तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान संख्या २९३३२८ आहेत. जवळपास दोन तृतीयांश, कारण अडवणारा खरा अवयव ३ हाच. ४८८८९ चा अडथळा नावापुरता.

९. ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते असं ऐकलं. कोणते दोन?

४४०००१ = २२५² + ६२४²

ताडून पाहा : ५०६२५ + ३८९३७६. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू २२५ आणि ६२४ मीटर घेतल्या तर कर्ण बरोबर √४४०००१ मीटर, म्हणजे साधारण ६६३.३३.

हे अंदाजाने सापडत नाही, शोधावं लागतं, आणि शोधायच्या आधी ‘असेलच’ हे कळतं ही त्यातली गंमत. फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये मर्सेनला लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं, आणि ऑयलरने शंभरेक वर्षांनी सिद्ध केलं : जी विषम मूळ संख्या ४ ने भागल्यावर बाकी १ देते ती दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच प्रकारे. ४८८८९ ला ४ ने भागा, बाकी १. म्हणजे वर्ग आहेत. आता शोध आवळत न्यायचा :

८ ने भागल्यावर बाकी १ येते, म्हणून दोघांतला सम वर्गाचा पाया ४ च्या पटीत. ५ ने भागल्यावर बाकी ४ येते, म्हणून दोघांपैकी एक ५ च्या पटीत. ३ ने भागल्यावर बाकी १, म्हणून एक ३ च्या पटीत. आता ५ च्या पटीतला विषम धरून ५, १५, २५, ३५ असं जायचं आणि वजाबाकी पूर्ण वर्ग येते का पाहायचं. ७५ ला थांबतो : ४८८८९ − ५६२५ = ४३२६४, आणि हा २०८ चा वर्ग. मग ४४०००१ साठी दोन्ही पाये ३ ने गुणले : २२५ आणि ६२४.

दुसरी जोडी नाही. कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

१०. मग याच्यातून पायथागोरसचं त्रिकुटही निघतं का?

निघतं. ७५ आणि २०८ घ्या. वर्गांची वजाबाकी ३७६३९, गुणाकाराची दुप्पट ३१२००. म्हणून ३१२००² + ३७६३९² = ४८८८९². सगळं ९ ने गुणलं की जीपीओच्या पिनकोडाएवढा कर्ण असलेला त्रिकोण मिळतो : बाजू २८०८०० आणि ३३८७५१, कर्ण ४४०००१. तिन्ही पूर्ण संख्या.

११. सलग संख्यांची बेरीज किंवा वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते का?

दोन्ही. सलग संख्यांची बेरीज पाच प्रकारे : २२०००० + २२०००१, तीन संख्या १४६६६६ पासून, सहा संख्या ७३३३१ पासून, नऊ संख्या ४८८८५ पासून, अठरा संख्या २४४३६ पासून. वर्गांची वजाबाकी तीन प्रकारे, त्यातली सुटसुटीत २४४४९² − २४४४०². प्रत्येक विषम संख्येला असं काहीतरी जमतंच, तेव्हा यात फार भाव खाऊ नये.

१२. हर्षद संख्या म्हणजे काय? ४४०००१ आहे का?

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुढे आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. मोठ्या विद्यापीठातली खुर्ची नाही, हाताशी नुसते कागद आणि आकडे. आणि आज जगभरच्या गणितप्रेमींना त्यांचं नाव माहीत आहे.

४४०००१ ची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणून ही हर्षद. पण इथे पुष्कळांची गल्लत होते : बेरीज ९ च्या पटीत आली की हर्षद, असं नाही. ४४००१९ ची बेरीज १८; तिला ९ ने भाग जातो पण ती विषम, १८ ने जात नाही. गेली बाद. ४४००२८ ची बेरीजही १८, आणि तिथे जातो. नागपूरच्या पत्त्यांवर ४४००३७ पर्यंतचे पिन दिसतात. ४४०००१ पासून तिथवरच्या सदतीस संख्या तपासल्या तर हर्षद सात निघतात : ४४०००१, ४४०००४, ४४०००६, ४४००१०, ४४००२०, ४४००२५, ४४००२८.

हा गुण लिखाणाचा आहे, संख्येचा नाही (प्रश्न २). दहाऐवजी बाराचा पाया धरून लिहू लागलो तर ही यादी बदलेल.

१३. मग ही ‘कापरेकर संख्या’ पण आहे का?

नाही. ती वेगळी जात. वर्ग करून त्याचे दोन तुकडे करायचे, त्यांची बेरीज मूळची संख्या आली पाहिजे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. जमलं. ४४०००१ चा वर्ग १९३६००८८०००१; १९३६०० + ८८०००१ = १०७३६०१. नाही जमलं. अशा संख्येला ९ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ यावी लागते. ४४०००१ तेवढी पहिली चाळणी पार करते आणि तिथेच थांबते.

१४. कापरेकरांची ६१७४ ची कृती ४४०००१ वर लावली तर काय येतं?

कृती अशी : अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्येला (सगळे अंक सारखे नसतील तर) शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच राहतो. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं.

सहा अंकांत मामला इतका सरळ नाही. पहिली पायरी : ४४१००० − ०००१४४ = ४४०८५६. दुसरी : ८६५४४० − ०४४५६८ = ८२०८७२. पुढची उत्तरं अशी येतात :

८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६.

म्हणजे एका आकड्यावर स्थिरावत नाही. ४२०८७६ पासून सात संख्यांचं चक्र आहे, त्यात अडकते आणि फिरत राहते. सहा अंकांत स्थिर राहणाऱ्या संख्या दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४; सगळे अंक सारखे असले तर शून्य; बाकीच्या साऱ्या शेवटी या दोनांपैकी एकीवर थांबतात नाहीतर या सातांच्या चक्रात अडकतात. पोट्ट्यांना वाटतं आपलं चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून करतात. चुकलेलं नसतं. तेराव्या पायरीला ६४२६५४ आला असेल तर तुमची वजाबाकी बरोबर आहे.

४४००१० ला वेगळं करायची गरज नाही. अंक तेच, म्हणून पहिल्याच पायरीला दोन्ही एक होतात.

१५. या कृतीत पुढची शून्यं धरायची की सोडायची?

धरायचीच. वजाबाकीच्या वेळी ०००१४४ म्हणा नाहीतर १४४ म्हणा, फरक पडत नाही. फरक पडतो तो उत्तर सहा अंकांपेक्षा लहान आलं तर. उदाहरण : १००००० − ०००००१ असं मांडलं की ९९९९९ येतात. हे पाच अंकी समजलात तर सगळे ९ सारखे, वजाबाकी शून्य, खेळ खल्लास. ०९९९९९ असं सहा अंकी ठेवलं तर ९९९९९० − ०९९९९९ = ८९९९९१, आणि गाडी पुढे जाते. सुरुवातीला किती अंक होते ते शेवटपर्यंत सांभाळायचं.

१६. देवळाली संख्या म्हणजे काय? नागपूरच्या पिनकोडांत आहे का एखादी?

आहे, आणि एकच आहे. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या मिळते. उदाहरणार्थ ४३९९६५ च्या अंकांची बेरीज ३६; ४३९९६५ + ३६ = ४४०००१. म्हणजे ४४०००१ ही ४३९९६५ पासून ‘जन्मली’. जी संख्या अशी कुणापासूनच जन्मत नाही तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं आणि आपल्या गावाचं नावही दिलं : देवळाली संख्या.

४४०००१ ते ४४००३७ तपासायला दोनच घराणी पुरतात, ४३९९ ने सुरू होणारी आणि ४४०० ने सुरू होणारी. त्याच्या मागच्या संख्या इतक्या पुढे पोचतच नाहीत. दोन्हींच्या बेरजा मांडत गेलं की सगळे आकडे कुठून ना कुठून येतात. फक्त ४४००११ येत नाही. तिला आईबाप नाहीत.

याच ४४००११ चे अवयव पाहा : ११ × १३ × १७ × १८१. लागोपाठच्या तीन मूळ संख्या एकीत. प्रश्न ७ ची कसोटी लावून बघा : ११ − ४४० = −४२९, आणि ४२९ = ३ × ११ × १३. तोंडी सुटतं.

१७. कुणीतरी सांगितलं की ४४०००१ मध्ये रामानुजनचा १७२९ लपलेला आहे. खरं की फेकाफेक?

खरं आहे. २ चा बारावा घात ४०९६. ४४०००१ ला ४०९६ ने भागा : भाग १०७, बाकी १७२९. करून पाहा, १०७ × ४०९६ = ४३८२७२, त्यात १७२९ मिळवले की ४४०००१.

द्विमान पद्धतीत लिहिलं तर तो समोरच दिसतो : ११०१०११०११०११०००००१ असे जे एकोणीस अंक येतात त्यातले शेवटचे बारा, म्हणजे ०११०११०००००१, हाच १७२९. आणि १७२९ म्हणजे दोन घनांची बेरीज दोन वेगळ्या प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या : १ + १७२८ आणि ७२९ + १०००. इंग्रज गणिती हार्डी टॅक्सीतून भेटायला गेले तेव्हा रामानुजनांनी चटकन सांगितलेली.

आता प्रश्न २ मधली चाळणी लावा. बाकी १ पासून ४०९५ पर्यंतची कुठलीही विषम संख्या येऊ शकली असती. २०४८ शक्यतांतली ही एक. त्यातून ४०९६ नेच भागा असं कुणी सांगितलं होतं? २०४८ ने किंवा ८१९२ ने भागून काही खास निघालं असतं तर आपण तेच मिरवलं असतं. तेव्हा हा योगायोगच. वर्गात मात्र हा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरचेही मान वर करतात, म्हणून मी तो सोडत नाही.

१८. संख्या उलटी करून मिळवली तर पॅलिंड्रोम येतो. हे सगळ्यांचंच होतं का?

४४०००१ + १०००४४ = ५४००४५. पुढून-मागून सारखी, एकाच पायरीत. पण यात संख्येचं कर्तृत्व थोडं. अंक लहान आहेत म्हणून कुठेच हातचा आला नाही, एवढंच. हातचा नसला की बेरीज सारखी येणारच. ४४००१९ ला हातचा येतो : ९१००४४ मिळवले की १३५००६३, त्यात ३६००५३१ मिळवले की ४९५०५९४, दुसऱ्या पायरीला जमलं. सगळ्यांचं जमतं का? १९६ या साध्या तीन अंकी संख्येला प्रचंड पायऱ्या करूनही पॅलिंड्रोम सापडलेला नाही, आणि कधीच सापडणार नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की : सहा अंकी संख्या आणि तिची उलटी यांची बेरीज ११ ने कटते. ५४००४५ = ११ × ४९०९५.

१९. ‘पिनकोड उलटा, वजा करा, एक अंक लपवा, मी ओळखतो’ ही जादू कशी चालते? कधी कधी फसते, ती का?

४४०००१ − १०००४४ = ३३९९५७. अशी वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत, म्हणून तिच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत, इथे ३६. समोरच्याने ७ लपवला तर उरलेल्यांची बेरीज २९ सांगेल. ३६ ला सात कमी, झालं.

फसते ती ९ लपवला तर. बेरीज २७ येईल, आणि लपवलेला अंक ० की ९ हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधीच सांगायचं, ‘शून्य लपवू नको’. दुसरी अडचण, संख्या स्वतःच पॅलिंड्रोम असेल तर वजाबाकी शून्य आणि जादूगाराची फजिती.

२०. बेरीज ९ येते म्हणून जीपीओचा पिन शुभ असतो का? आणि ती तीन शून्यं झिरो माईलची आहेत का?

दर नववी संख्या ९ ने कटते. ४४०००१ ते ४४००३७ या सदतीसांतल्या पाच (१, १०, १९, २८, ३७ ने संपणाऱ्या). शुभ असेल तर पाचही, आणि जरीपटका, धंतोलीवाल्यांनी काय घोडं मारलं? शून्यांचं म्हणाल तर झिरो माईलचा दगड जवळच आहे हे खरं, पण पहिलं शून्य ४४० मधलं आणि पुढची दोन ००१ मधली. मुंबईचा ४००००१ आहे, तिथे चार शून्यं आहेत आणि हा दगड तिथे नाही.

२१. नागपूरचा एकही पिनकोड मूळ संख्या नाही का? आमच्या ४४००३३ चं काय?

विद्यापीठ कॅम्पसचा ४४००३३ मूळ नाही : ११ × १०९ × ३६७. पहिला अवयव प्रश्न ७ च्या कसोटीने लगेच निघतो, पुढचे दोन घाम काढतात.

सदतीसांत मूळ दोनच : ४४०००९ आणि ४४००२३. तपासायला वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६६३ पर्यंतच्या १२१ मूळ संख्यांनी भागावं लागतं. फसवे उमेदवार दोन आहेत. ४४००२९ तर १३१ पर्यंत तग धरते आणि मग १३१ × ३३५९ अशी फुटते. ४४०००३ त्याहून चिवट, थेट २५१ ला सापडते : २५१ × १७५३. बरेच जण दोनशेच्या आसपास कंटाळून तिला मूळ जाहीर करतात.

दोन खऱ्या मूळ संख्यांतही फरक आहे. ४४००२३ ला ४ ने भागल्यावर बाकी ३, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. ४४०००९ ला बाकी १, म्हणून होते, आणि एकाच प्रकारे. ते दोन वर्ग मी इथे देत नाही, वहीत शोधा. प्रश्न ९ ची पद्धत वापरा : सम पाया ४ च्या पटीत आहे, दोघांतला एक ५ च्या पटीत आहे, आणि या वेळी ३ च्या पटीत कुणीच नाही.